वीसवाल्यांची टाकी तिकडे

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं त्याला एकदा गाठून जाब विचारायला हवा. भाऊ भांडतो तर वाटणीवरून भांडतो, शेजारी भांडतो तर बांधावरून. साडू भांडतच नाही. तो फक्त लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारची जागा धरतो आणि जिलबी मोडत मोडत सांगतो, की यंदा त्याने काय काय केलं. आपण काय केलं हे तो विचारत नाही. ते त्याला माहीत असतं.

रत्नपाल तांब्यांचा साडू कुलदीप. मैत्रीच्या, म्हणजे रत्नपालच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. पनवेलला प्लॉट विकतो आणि बोलतोही प्लॉट विकल्यासारखाच. रत्नपाल बोर्ली पंचतनचा, पंचायत समितीत लिपिक. त्याने आयुष्यात काही विकलं नाही, फक्त पुढे पाठवलं.

"दादा, मी आता एन्ड्युरन्स करतो," कुलदीप पंगतीत म्हणाला. रत्नपालला वाटलं पोटाचं काहीतरी आहे, म्हणून त्याने जिलबीचं ताट जरा लांब सरकवलं. पण ते घोड्याचं निघालं. घोड्यावर बसून लांबचा पल्ला मारायचा. शर्यत नव्हे. पहिला कोण येतो याला काडीची किंमत नाही. घोडा धडधाकट परत आणायचा, अर्ध्या तासात त्याच्या छातीचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत यायला हवेत, डॉक्टर तपासणार, मग पास. "पूर्ण केलं म्हणजेच जिंकलं, असं आमच्यात म्हणतात," कुलदीप म्हणाला, आणि 'आमच्यात' या शब्दावर त्याने जरा टेकून घेतलं.

"पल्ला केवढा?"

"ऐंशी किलोमीटर. चाळीसचाही गट असतो. वीसवालेही येतात म्हणा." गोव्याला जाऊन वरणभात खाणाऱ्याबद्दल लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात तो 'वीसवाले' म्हणाला. "वीस म्हणजे आमचे घोडे अंग मोकळं करतात तेवढं."

इथे शहाण्या माणसाने मठ्ठा मागितला असता. रत्नपाल म्हणाला, "मीपण उतरतोय यंदा." समोरची ओळ जेवायची थांबली. मैत्रीने घास तोंडाजवळ धरून नवऱ्याकडे पाहिलं. कशात उतरतोय, किती किलोमीटरात, हे कुणी विचारलं नाही आणि रत्नपालनेही सांगितलं नाही. तो आयुष्यात एकदाच घोड्यावर बसला होता, माथेरानला, आणि तेव्हाही लगाम घोडेवाल्याच्या हातात होता.

लग्नातून माणसं घरी पोहोचायच्या आत बातमी बोर्लीत पोहोचली. सकाळी शेजारचे महिपतकाका दारात हजर. महिपतकाकांनी उभी हयात एसटी चालवली, भाताची शेती बायकोने केली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही चालत्या वस्तूवर सल्ला द्यायचा अधिकार आपला, असं ते मानतात.

"घोडा हाय का तुझ्याकडं?"

"बघतोय, काका."

"घोडा कसाबी चालंल. चढाला दुसऱ्या गेरात ठेव. उताराला न्यूट्रल करू नको, लोकं तिथंच मरतात. आन टायर बघून घे." म्हणजे नाल. हे रत्नपालला दुपारी ऑफिसात बसल्यावर उमगलं.

बाकी गावानेही हात आखडता घेतला नाही. कुणी म्हणालं गूळ खा, कुणी म्हणालं गूळ घोड्याला चार आणि तू चणे खा. पोस्टातल्या एकाने सांगितलं, की आठवडाभर गाद्यांच्या गठ्ठ्यावर पाय फाकवून बसायचं, मांड्या तयार होतात. रत्नपालने ते केलं. मैत्री जिल्हा परिषदेच्या शाळेतून घरी आली तेव्हा नवरा तीन गाद्यांवर बसून टीव्ही बघत होता. ती स्वयंपाकघरात जाऊन हसली, आणि ते ऐकू आलं.

नाव नोंदवायला मोबाईल उघडला तेव्हा मात्र खरं घोडं अडलं. ऐंशी, चाळीस, वीस. रत्नपालने इकडे तिकडे बघून वीसवर बोट टेकवलं.

"पाचचंही आहे की खाली. हौशी फेरी," मैत्री खांद्यावरून म्हणाली. "माझं टाका त्यात. तट्टू तिथेच भाड्याने देतायत."

"अगं, पाच म्हणजे फेरफटका झाला. त्याला कोण विचारतं?"

"आणि वीसला?"

रत्नपालने तिचं नाव टाकलं. वाद टळला, असं त्याला वाटलं.

घोडी मिळाली ती दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या गुणाजीची. नाव बुलबुल. रंग बदामी, पोट समाधानी, आणि डोळ्यांत सरकारी नोकराची शांतता. रत्नपालला ती बघताक्षणी आपली वाटली. "सायेब, हिच्यावर नवी नवरी बसते, तान्ही पोरं बसतात," गुणाजी म्हणाला. "तुमी तर काय, बसाच." बुलबुलचा रोजचा मार्ग म्हणजे सुरूच्या झाडांपासून शहाळ्यांच्या गाडीपर्यंत आणि परत. गाडीशी पोहोचली की ती आपणहून वळे, कारण तिच्या मते जग तिथे संपत होतं. जग पुढेही आहे हे तिला पटवण्यात रत्नपालच्या कित्येक सकाळी गेल्या, आणि गाजरं तर विचारूच नका. शेवटी त्या शहाळेवाल्यालाच रोज थोडी थोडी गाडी पुढे सरकवायला सांगितलं, तेव्हा कुठे बुलबुलचं भूगोलाचं ज्ञान वाढलं.

मग रजा. अर्जावर कारण लिहिलं, 'अश्वारोहण सहनशक्ती उपक्रम'. वरिष्ठांनी चष्मा कपाळावर चढवला. "तांबे, हा जुगार तर नाही ना? शर्यत म्हणजे जुगार. तसं नाही असं लिहून द्या." रत्नपालने लिहून दिलं. "घोडी तुमची का? स्थावर-जंगम विवरणात दाखवली नाहीत." भाड्याची आहे, असं लिहून दिलं. वरिष्ठांनी सही केली आणि वर म्हणाले, "सहनशक्ती दाखवायला रजा कशाला हवी हो? इथेच दाखवता की रोज." हे रत्नपालला लागलं, कारण ते खरं होतं.

कार्यक्रम किहीमला. म्हणजे बुलबुलला टेम्पोत घालून दिघीला खाडी ओलांडायची. जेट्टीवरच्या तिकीटवाल्याने टेम्पोत डोकावून पाहिलं. त्याच्याकडे माणसाचं तिकीट होतं, दुचाकीचं होतं, टेम्पोचं होतं, म्हशीचं होतं. घोड्याचं नव्हतं. मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती.

"म्हैस लावतो," तो म्हणाला.

"अहो, पण ती घोडी आहे."

"मला दिसतीय ना ती. मशीनला दिसत न्हाय." आणि बुलबुलने म्हैस म्हणून खाडी ओलांडली. पलीकडे उतरेपर्यंत ती रत्नपालकडे बघायला तयार नव्हती.

किहीमच्या मैदानावर पोहोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की घोड्यांच्या जगात माणसं आकड्यांनी ओळखली जातात. ऐंशीवाल्यांना सोनेरी जाकिटं. चाळीसवाल्यांना निळी. वीसवाल्यांना कागदावर छापलेला नंबर आणि दोन टाचण्या. ऐंशीवाल्यांना मांडव, चाळीसवाल्यांना बदामाची सावली, वीसवाल्यांना जनरेटरचा धूर. भोंग्यावरचा माणूस ऐंशीवाल्या घोड्यांच्या आई-बापांचीसुद्धा नावं घेत होता. ते सगळं झाल्यावर म्हणाला, "आणि वीसवालेही आलेले आहेत." मार्ग मात्र सगळ्यांचा एकच होता. किहीमहून आवास, सासवणे करून परत, वीस किलोमीटरची फेरी. ऐंशीवाले ती चार वेळा मारणार आणि दर फेरीनंतर मैदानात घोडा तपासून घेणार.

कुलदीप सोनेरी जाकिटात आला. खाली त्याचा मारवाडी घोडा, सम्राट. "जय भीम, दादा. आलात, बरं झालं. घाबरू नका, वीसमध्ये काही होत नाही." मग त्याने बुलबुलकडे पाहिलं. "बीचवरची का?" रत्नपालने मान हलवली. ती हो होती का नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. बोर्लीत सगळे त्याला घोडेस्वार समजून बसले होते. निदान पास होऊन परत जायला हवं, नाहीतर महिपतकाका जन्मभर गेर शिकवतील. त्याला आता दुसरं काही नको होतं, डॉक्टरचं एक 'पास' हवं होतं.

पहिला टप्पा झकास गेला. वाळू ओली होती, वारा होता, बुलबुल दुडक्या चालीने निघाली आणि रत्नपालच्या मनात स्वतःबद्दल बरे विचार येऊ लागले. आवासच्या किनाऱ्यावर पर्यटक उभे होते. त्यांतल्या एका बाईने मोबाईल वर केला. बुलबुल थांबली. नुसती थांबली नाही, मान उंचावली, एक पाय पुढे टाकला आणि समुद्र मागे येईल अशी वळून उभी राहिली. मग रत्नपालच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवेआगरला आयुष्यभर हिने हेच केलेलं. मोबाईल वर गेला की थांबायचं, फोटो होईपर्यंत हलायचं नाही, हाच तिचा धंदा. आणि आज किनाऱ्यावर मोबाईल सोडून दुसरं काही नव्हतं.

"फोटो नका काढू," रत्नपाल लोकांना हात जोडून म्हणाला. तोही फोटोत छान आला. लोक आणखी जमले. एका आजींनी विचारलं, फेरी केवढ्याला. एका गृहस्थाने आपलं मूल रत्नपालच्या पुढ्यात बसवून फोटो काढून घेतला आणि आभार मानून उतरवून घेतलं. मागून टापा वाजल्या, "वीसवाले, बाजूला व्हा, वाट सोडा," असं ओरडत सोनेरी जाकिटं धूळ उडवत गेली. सगळ्यात पुढे कुलदीप, सम्राटला चौखूर सोडून. "दादा, अल्बम झाला की या सावकाश," तो म्हणाला. रत्नपालला असा राग आला की त्याने बुलबुलला टाच मारली. ती हलली नाही, कारण अजून दोघांचे काढून व्हायचे होते.

असं करत करत, थांबत, पोज देत, सासवण्याला तर एका लग्नाआधीच्या फोटोवाल्याच्या तावडीतून सुटून, ऊन डोक्यावर आल्यावर रत्नपाल मैदानात परतला. वेळेची मर्यादा थोडक्यात पाळली गेली. गंगेत घोडं न्हालं असं त्याला वाटलं, पण न्हायचं अजून बाकी होतं. डॉक्टर सुचिता तपासणीच्या दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी बुलबुलच्या छातीला नळी लावली. "बहात्तर. तापलीये. पाणी पाजा, अंगावर ओता, अर्ध्या तासाच्या आत परत आणा. चौसष्टवर नाही आली तर बाद."

पाण्याची टाकी मांडवात होती. निळं पिंप आडवं कापून केलेली, काठोकाठ भरलेली, वर बर्फाची लादी तरंगतेय. रत्नपाल बुलबुलला घेऊन तिकडे वळला तसा एक शिट्टीवाला स्वयंसेवक आडवा आला. पोरगा नव्हता, चांगला पोट सुटलेला गृहस्थ होता. "साहेब, ही ऐंशीवाल्यांची टाकी. वीसवाल्यांची टाकी तिकडे."

तिकडे म्हणजे जनरेटरच्या पलीकडे, उन्हात. रत्नपाल निमूट तिकडे गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'तिकडे' म्हटल्यावर तिकडे जायची सवय झालेली. त्या टाकीत बोटभर पाणी होतं, चहासारखं गरम, आणि त्यात एक कागदी प्याला पोहत होता. बुलबुलने वास घेतला, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. तिची बरगडी भात्यासारखी हलत होती. रत्नपालला तिची दया आली, आणि मग आपलीही आली.

तो परत मांडवात गेला. "तिकडे पाणीच नाहीये. इथे पाजू द्या, भरपूर आहे."

"पाण्याचा प्रश्न नाही, साहेब," शिट्टीवाला समजुतीने म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "इथे चांगले घोडे पितात. बीचवरच्या घोड्यांची तोंडं कुठे कुठे घातलेली असतात. पाणी खराब होतं. बाकी काही नाही."

आता हे वाक्य त्याने रायगड जिल्ह्यात कुणाला ऐकवावं? दर मार्च महिन्यात तांब्यांचं सगळं घर महाडला चवदार तळ्यावर जातं. त्या तळ्यावर एके काळी गावची गुरंढोरं खुशाल पाणी प्यायची आणि रत्नपालच्या पणजोबांना मनाई होती. पणजोबा तिथे सगळ्यांबरोबर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, आणि ती ओंजळ घरात चार पिढ्या सांगितली जाते. रत्नपालच्या कानशिलात रक्त चढलं. शिट्टीवाल्याला कशाचाच पत्ता नव्हता, तो आपला नियम सांगत होता, आणि म्हणूनच रत्नपालला जास्त लागलं. त्याने छाती भरून श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे एक भाषण तयार होतं, पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून ठेवलेलं.

"हे बघा," तो म्हणाला, "पाणी कुणाच्या—"

सुर्र असा आवाज आला. शिट्टीवाल्याने वळून पाहिलं. बुलबुलने लगाम कधी ओढून घेतला कळलं नाही. तिचं तोंड टाकीत डोळ्यांपर्यंत बुडालं होतं आणि बर्फाची लादी तिने नाकाने बाजूला सारली होती. लोकांनी मोबाईल वर केले. मग तर प्रश्नच मिटला. मोबाईल वर असताना बुलबुल हलत नसते. शिट्टीवाल्याने शिट्टी वाजवली, लगाम ओढला, पाठीमागून ढकललं. बुलबुल समुद्र मागे घेऊन उभी राहिली आणि पीत राहिली. रत्नपालचं भाषण मात्र वाया गेलं, याचं त्याला अजून वाईट वाटतं.

तिच्या मागोमाग बाकीचे वीसवाले आले, मग चाळीसवाले. दहा जनावरं टाकीला लागल्यावर शिट्टीवाल्याने शिट्टी खिशात घातली आणि स्वतःच बादली घेऊन पाणी ओतायला लागला. डॉक्टर सुचितांनी पुन्हा नळी लावली, मुदत संपायच्या आत. "साठ. पास." रत्नपालने बुलबुलच्या मानेला मिठी मारली. नाक पुसलं ते तिच्याच आयाळीला.

कुलदीप मांडवात खुर्चीवर बसला होता, जाकीट उतरवून. सम्राटचे ठोके चौखूर उधळल्यामुळे खाली आलेच नव्हते. पहिल्याच फेरीनंतर त्याला बाद केलं होतं. म्हणजे त्याचेही वीसच झाले. रत्नपाल हे बोलणार होता, पण कुलदीपच आधी म्हणाला, "ऐंशीतून बाद होणं आणि वीसमध्ये पास होणं यात फरक असतो, दादा." आणि त्याने कोकम सरबताचा घोट घेतला. असा माणूस हरवायचा कसा?

पण रत्नपालचा दिवस होता. त्याने टाकीचा ताबा घेतला. लिपिकाचा हात, त्याला गर्दी सहन होत नाही. "रांगेने या, एकेक करून. ऐंशीवाले आधी घ्या, त्यांना पुढे जायचंय. मग चाळीस. मग आपले वीस." लोक ऐकत होते. शिट्टीवालासुद्धा ऐकत होता. इतकी वर्षं ऑफिसात जे झालं नाही ते किहीमच्या टाकीवर झालं.

तेवढ्यात रांग सोडून एक बुटकं, केसाळ तट्टू दुडदुडत आलं. वर मैत्री, पदर खोचलेला, चेहरा उन्हाने लाल, आनंदाने फुललेला. पाच किलोमीटर पुरे करून आलेली. तट्टूने थेट टाकीकडे मान घातली आणि रत्नपालने हात आडवा केला.

"अगं, थांब. पाचवाल्यांची टाकी—"

तो तिथेच थांबला. पण जे बाहेर पडलं ते पडलं. मैत्रीने लगाम आवरला आणि वरून त्याच्याकडे पाहिलं. शिट्टीवाला खाली वाकून बादलीत काहीतरी शोधू लागला. रत्नपालने हात खाली घेतला, बादली भरली आणि स्वतः तट्टूच्या तोंडाखाली धरली. तट्टू प्यायलं.  परतीच्या वाटेवर जेट्टीवर पुन्हा म्हशीचं तिकीट फाडलं तेव्हाही मैत्री हसली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महिपतकाका सत्काराला आले, हातात नारळ. रत्नपालने भिंतीवर पास झाल्याचं पदक लावलं होतं. "किती झालं रं?" काकांनी विचारलं. रत्नपाल म्हणाला, "वीस." लपवलं नाही. "एवढंच?" काका म्हणाले, पण नारळ दिला.

मैत्री चहा घेऊन आली. एक कप काकांना, एक स्वतःला. रत्नपालने हात पुढे केला. तिने खिडकीकडे मान वळवली. खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरच्या बाजूला, कान तुटलेला एक कप वाफाळत होता.

"वीसवाल्यांचा कप तिकडे," ती म्हणाली.

महिपतकाका खो खो हसले. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, हसू मध्येच राहिलं आणि ते आपल्या कपात बघत बसले. त्यांच्या आईच्या पडवीतही असाच एक कप असायचा, वळचणीला खोचलेला, आणि तो कुणासाठी होता हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

रत्नपाल उठला. खिडकीतून हात घालून त्याने कप घेतला आणि उभ्यानेच चहा प्यायला. चहा उत्तम झाला होता, साखर बरोबर. मग मोरीत जाऊन त्याने कप स्वतः विसळला, परत खिडकीत नेऊन पालथा घातला आणि येऊन बसला.

"उद्याही तिकडेच का?" त्याने विचारलं.

"बघू," मैत्री म्हणाली. "पाचवाल्यांना विचारून सांगते."

महिपतकाका उठले. आपला कप उचलून मोरीत गेले, विसळला आणि खिडकीत त्या कान तुटक्या कपाशेजारी पालथा घातला.